दिल्लीचे अंदाजपत्रक

बार्शीच्या बाजारपेठेत भुसार मालाची आडत असलेल्या एका कुटुंबात यंदा उन्हाळी सुट्टीत दिल्लीला जाण्याचे ठरले, ते नववीतल्या मुलीच्या हट्टामुळे. पुढच्या वर्षी दहावी, त्यानंतर शिक्षणासाठी लातूर किंवा पुणे. ‘सगळ्यांनी मिळून जायचे असेल तर हीच सुट्टी’, हे तिचे म्हणणे कोणाला खोडून काढता येईना.

व्यापारी घरातली सुट्टी शाळेच्या वेळापत्रकावर ठरत नसते. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक, नाताळात तुरीची, होळीच्या मागेपुढे हरभऱ्याची. नाताळात निघावे म्हटले तरी धुक्यामुळे उत्तरेकडच्या गाड्या तासन्‌तास रखडतात. पेरणीपूर्वीचा मे महिन्याचा शेवटचा आठवडा तेवढा पेढीला मोकळा; पण त्याच दिवसांत दिल्लीचा पारा चव्वेचाळीसच्या घरात असतो. तरीही तारखा पक्क्या झाल्या. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते, म्हणून मार्चअखेरीस हिशेबाच्या धांदलीतच सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसची तिकिटे काढली गेली. तिकिटे चार होती. घरात माणसे पाच.

आजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते, “तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते.” वय शहात्तर, कडक चौविहार, पिण्यास उकळलेलेच पाणी. कोणी फारसा आग्रह केला नाही. घरातील वडीलधाऱ्यांचा नकार किती चटकन आणि किती आदराने स्वीकारला जातो, हे बहुतेक घरांना ठाऊक आहे.

सूनबाईंनी आराखडा मोठ्या कसोशीने तयार केला होता. लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद. खारी बावलीच्या मसाला बाजारातील बरीच दुकाने रविवारी बंद. आग्र्याला जायचे तर शुक्रवार सोडून, कारण त्या दिवशी ताजमहाल बंद. हे सारे हेरून त्यांनी दिवस जुळवले होते. सकाळी दहाला बाहेर पडायचे, दुपारभर हिंडायचे, रात्री इंडिया गेट आणि साडेनऊला जेवण. आराखड्यात चूक अशी कुठेच नव्हती.

एप्रिलमध्ये जुन्या कपाटातील दप्तर आवरताना मुलाच्या हाती लाल कापडी बांधणीची एक चोपडी आली. 1982 सालची, म्हणजे दिल्लीत आशियाई खेळ भरले त्या वर्षाची. वडिलांच्या हातची नोंद होती : ‘दिल्ली प्रवास, माणसे 3, रु. 1,200’. रक्कम बाजूला काढलेली. महिनाभराने तीच रक्कम मालखरेदीकडे वळती केलेली, आणि प्रवासाच्या पानावर पुढे काही नाही. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. प्रवासासाठी शिवलेली नवी चड्डी पुढे शाळेत घातल्याचे त्याला अंधुक आठवले. आईने मात्र बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांत दिल्लीचा विषय एकदाही काढलेला नव्हता.

त्याने ती चोपडी पत्नीला दाखवली. रात्री दोघांनी आपला आराखडा पुन्हा वाचला. त्यात आजींना बसता येईल अशी जागाच नव्हती.

नवा आराखडा मुलीने मांडला आणि तो सूर्यापासून सुरू केला. मेअखेरीस दिल्लीत सूर्य साडेपाचच्या आत उगवतो आणि सात वाजून गेल्यावर मावळतो; म्हणजे बार्शीपेक्षा तेथील दिवस अर्ध्या तासाहून मोठा. दिवाळीत गेले असते तर साडेपाच-पावणेसहालाच अंधार पडला असता. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी आजींची नवकारशी. लगेच न्याहारी करून बाहेर पडायचे. कुतुबमिनार सकाळच्या गारव्यात. तेथील मशिदीचे खांब सत्तावीस हिंदू व जैन मंदिरांचे आहेत, तेव्हा आजींनाच त्यांवरची कोरीव कामे अधिक ओळखू येतील, असे तिने लिहिले. जवळच टेकडीवर अहिंसा स्थळ. अकरा ते चार धर्मशाळेत विश्रांती. एक दुपार संग्रहालयासाठी राखलेली, कारण तेथे पल्लूची बाराव्या शतकातील संगमरवरी जैन सरस्वती आहे. सहाला जेवण, मग इंडिया गेट. ऐन उन्हात हिंडणे आपोआप टळले. चौविहाराची अडचण म्हणून जी मोजली जात होती, ती उन्हाळ्यातल्या दिल्लीला चपखल बसली, आणि याचे सूनबाईंनाच सर्वांत अधिक नवल वाटले.

पाचवे तिकीट प्रतीक्षायादीत मिळाले. ते पक्के होईपर्यंत मुलाने आईला काही सांगितले नाही. पक्के झाल्यावर त्याने तिकीट आणि चोपडी दोन्ही तिच्यापुढे ठेवली.

आजींनी चष्मा लावून नोंद वाचली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “त्या वर्षी करडईचा भाव फार उतरला होता.” एवढेच.

नातीने मग आराखडा वाचून दाखवला. लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे रुग्णालय आहे, तेथे जखमी कबुतरे, पोपट, चिमण्या यांच्यावर विनामूल्य उपचार होतात. घार किंवा ससाणा आला तर त्यालाही औषध देतात, पण मांसाहारी म्हणून मुक्कामाला ठेवून घेत नाहीत, हे ऐकताच आजींनी तिला थांबवले.

“तिथं दाणे चालतात का देणगीत?”

“विचारते, आजी.”

“विचार. आणि अरे,” त्या मुलाकडे वळल्या, “दुकानातून दहा किलो बाजरी काढून ठेव. निवडलेली हवी, खडे नकोत. पैसे माझ्या नावे लिही.”