इंदूरचा हॉट डॉग

मुलांनो, ‘हॉट डॉग’ हे नाव वाचून तुमच्यापैकी काहींनी नाक मुरडले असेल. ‘डॉग’ म्हणजे कुत्रा, एवढे इंग्रजी तर पाचवीतल्या मुलालाही येते. पण या पदार्थाचा कुत्र्याशी संबंध आहे तो फक्त नावापुरता.

हॉट डॉग मूळचा अमेरिकेतला. जर्मनीहून तिकडे गेलेल्या लोकांनी आपले सॉसेज बरोबर नेले. सॉसेज म्हणजे अगदी बारीक खिम्यात मसाला घालून केलेली लांबट कांडी. लांबट पावात घालून ती गाड्यांवर विकली जाऊ लागली. स्वस्त सॉसेजमध्ये कशाचे मांस असेल कोण जाणे, अशी लोक थट्टा करीत. त्या थट्टेतूनच हे नाव पडले, असे अभ्यासक मानतात. १८९० नंतरच्या दशकातील अमेरिकन वर्तमानपत्रांत ते छापलेले सापडते. पुढे १९१६ साली नेथन हँडवर्कर यांनी न्यूयॉर्कमधल्या समुद्रकिनारी पाच सेंटला हॉट डॉग विकायला सुरुवात केली. इतरत्र त्याला दहा सेंट पडत. इतके स्वस्त मांस चांगले कसे असेल, अशी गिऱ्हाइकांना शंका येई. तेव्हा त्यांनी डॉक्टरांसारखे पांढरे कोट घातलेली माणसे दुकानापुढे खात उभी केली, असे सांगतात!

तिकडे हॉट डॉग गाईच्या, डुकराच्या किंवा मिश्र मांसाचा असतो. हलालही मिळतो. तेव्हा नावाला घाबरू नये, पण आत काय आहे ते विचारल्याशिवाय खाऊही नये. मलेशियात २०१६ साली हलाल प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी खात्याने एका दुकानाला पदार्थाच्या नावातला ‘डॉग’ शब्द बदलायला सांगितले होते. हा संकोच मी समजू शकतो. मात्र नाव बदलल्याने आतले मांस बदलत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

आता जरा जवळ येऊ. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग मालेगाव, धुळे मागे टाकून इंदूरला पोहोचतो. हे होळकरांचे शहर. आजही तिथे मराठी कानावर पडते. तिथल्या सराफा बाजारात दिवसा सोन्याचांदीचा व्यापार चालतो आणि रात्री त्याच दुकानांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. खवय्यांची दुसरी जागा म्हणजे ‘छप्पन दुकान’. एका ओळीत छप्पन दुकाने, म्हणून हे नाव. (सराफ, बाजार, दुकान हे तिन्ही शब्द तुम्ही घरी बोलता आणि मराठीतही तेच आहेत, हे लक्षात आले का?)

इथला हॉट डॉग अमेरिकेतल्यासारखा नसतो. पाव गोल आणि आत सॉसेजऐवजी बटाट्याची किंवा मटणाची टिक्की. अंड्याच्या प्रकाराला इंदूरकर ‘बेंजो’ म्हणतात. माझा भाचा बरोबर होता. फलकावरचे नाव वाचून तो दोन पावले मागे सरला. “मामू, हे आपल्याला चालते का?” त्याने हळूच विचारले. मी तोच प्रश्न दुकानदाराला मोठ्याने विचारला. माणूस प्रामाणिक होता. “मटणाचे मला नक्की सांगता येणार नाही,” तो म्हणाला. मग आम्ही एक बटाट्याचा आणि एक अंड्याचा मागितला. विचारण्यात लाज कसली?

पदार्थाची परीक्षा जिभेच्या आधी कानांनी करावी. तव्यावरच्या तुपात पाव पडताच ‘चुर्र’ असा आवाज आला पाहिजे. तूप तापलेले नसेल तर पाव ते पिऊन घेतो आणि खाताना सगळे तोंड तुपकट होते. आमचा पाव उत्तम भाजला होता. वरून कुरकुरीत, आतून मऊ. बटाट्याची टिक्की मात्र अळणी निघाली. हिरव्या चटणीने आणि कच्च्या कांद्याने तिची लाज राखली. आपला वडापाव आठवा. तिथे वडा पावाला चव देतो. इथे पाव टिक्कीला चव देत होता.

अंड्याची गोष्ट वेगळी. ऑम्लेट पावापेक्षा मोठे होते. बाहेर आलेल्या त्याच्या कडा तव्यावर तांबूस झाल्या होत्या. घासात मध्येच हिरवी मिरची लागे. याला मराठीत ‘खमंग’ म्हणतात. ‘लज्जत’ हा शब्द मराठीने आपल्याकडून घेतला, पण ‘खमंग’ला नेमका उर्दू शब्द मला अजून सापडलेला नाही. तुम्ही शोधून पाहा.

मी बटाट्याला १० पैकी ६ गुण दिले, अंड्याला साडेआठ. दीड गुण तुपाचे कापले, कारण खालचा कागद आरपार दिसू लागला होता. भाच्याने दोन्हींना १० दिले. कारण विचारले तर म्हणाला, “गरम होते!”

हे कारण काही अगदीच पोरकट नव्हे. आम्ही आणखी एक बेंजो बांधून घेतला होता. अर्ध्या तासाने पुडी उघडली तेव्हा पाव चिवट झाला होता, चटणी त्यात मुरून गेली होती आणि ऑम्लेटच्या कडा लोळागोळा झाल्या होत्या. त्याला मी गुणच दिले नाहीत.