मागच्या बाकांवरचे संत

मृगाच्या सरी वसईच्या वाड्यांवर मनसोक्त कोसळून गेल्या, विहिरींवरचे पंप थांबून केळीच्या आळ्यांत आभाळाचेच पाणी साचू लागले आणि निर्मळ, गास, भुईगाव ह्या गावांकडच्या वाटा चिखलाने निसरड्या झाल्या, म्हणजे सुटीभर मुक्या असलेल्या चर्चशेजारच्या शाळा बोलू लागतात. पहिल्या दिवसाचा शिरस्ता ठरलेला असतो. पटांगणात पाणी असल्यामुळे मुले व्हरांड्यात दाटीवाटीने उभी राहतात. प्रार्थना होते, आणि ती ख्रिस्ती मुलांइतक्याच बिनचूकपणे हिंदू-मुसलमान मुलेही म्हणतात. मग फादर किंवा सिस्टर, जे कोणी मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर असतील ते, शालान्त परीक्षेच्या निकालाचा आकडा वाचून दाखवतात आणि नव्या वर्षाचा उपदेश करतात. मी धर्माने ख्रिस्ती नव्हे. परंतु माझ्या चाकरीचा सारा काळ अशाच एका शाळेत मराठी शिकवण्यात गेल्यामुळे तो उपदेश मला तोंडपाठ आहे, आणि त्यातली एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. तो उपदेश पुढच्या बाकांसाठी असतो. ज्यांना उत्तेजनाची गरज नाही त्यांनाच उत्तेजन देण्याची ही वहिवाट कोणी पाडली हे देवच जाणे.

मागच्या बाकावर एखादी अशी मुलगी बसलेली असते, जिच्या बोटांची टोके हिरवट झालेली असतात. तिच्या वाडीत मोगरा आहे, आणि मोगऱ्याची कळी उमलण्याच्या आत खुडावी लागते, कारण उमललेल्या फुलाला बाजारात भाव नाही; सबब पुरते उजाडलेही नसताना ती आईच्या बरोबरीने झाडांत वाकलेली असते. आई पाटी घेऊन मुंबईची गाडी गाठते, मुलगी अंघोळ उरकून शाळेत येते, आणि दुसऱ्या तासाला, विभक्तीचे प्रत्यय एकामागून एक फळ्यावर चढत असताना, तिची मान हळूहळू खाली येते. हजेरीपटात ती हजर असते. प्रगतिपुस्तकात तिच्या नावापुढे ‘लक्ष देत नाही’ असा शेरा असतो, आणि तो शेरा मारणाऱ्याने तिची बोटे पाहिलेली नसतात.

ह्या मुलीला आणि तिच्या बाकावरच्या सोबत्यांना सांगण्याजोगे पुष्कळ काही त्या शाळेच्या भिंतींवरच टांगलेले असते. मी संतांच्या तसबिरींविषयी बोलतो आहे. काचेमागे बसवलेला आणि मस्तकाभोवती प्रभामंडल रेखलेला पुरुष जन्मताच तसा उपजला असावा, त्याला कधी पाढे चुकले नसावेत आणि कोणी वर्गाबाहेर उभे केले नसावे, अशी मुलांची समजूत होते. ती दूर करण्याची तसदी मोठी माणसेही घेत नाहीत. वास्तविक ह्या मंडळींची शाळेतली कैफियत ऐकण्यासारखी आहे.

घरचाच मुलगा आधी घेऊ. गोन्सालो गार्सिया हा सोळाव्या शतकातला, वसईत जन्मलेला. बाप पोर्तुगीज, आई इकडची. तो येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या हाताखाली वसईच्या किल्ल्यात शिकला, मिसरूड फुटण्याच्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा त्याने चांगली आत्मसात केली, आणि कित्येक वर्षे इमानेइतबारे सेवा केल्यावर आपल्याला संघात घ्यावे अशी विनंती केली. ती मंजूर झाली नाही. मग तो व्यापारात पडला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्याला साधा बंधू म्हणून पदरी घेतले, आणि त्यांचाच दुभाषा होऊन तो पुन्हा जपानच्या किनाऱ्याला लागला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रूसावर मारण्यात आले, आणि ८ जून १८६२ रोजी रोमने त्याला संतपद दिले. भारतभूमीत जन्मलेला हा पहिला संत. त्याच्या नावाचे महाविद्यालय आज वसईत आहे. ज्याला स्वतःला प्रवेश मिळाला नाही, त्याच्याच नावाच्या शिक्क्याने दर जूनला कुणाला प्रवेश मिळतो आणि कुणाला नाकारला जातो, ह्यातली गंमत त्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या पोराच्या तरी ध्यानात यावी!

आता ज्या येशूसंघाने त्याला घेतले नाही, त्या संघाच्या संस्थापकाची गोष्ट. इग्नेशियस लोयोला हा बास्क सरदारघराण्यातला शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोना येथील वेढ्यात तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या हाती आलेले धर्मग्रंथ वाचता वाचता त्याचे मन पालटले, त्याने तलवार टाकली, यरुशलेमची यात्रा केली, आणि लोकांना काही सांगावयाचे तर आधी आपल्याला शिकले पाहिजे हे उमगून १५२४ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, बार्सिलोना शहरात तो लॅटिनचे व्याकरण शिकावयास बसला. लंगडणारा, दाढीवाला, भिक्षेवर राहणारा हा इसम आजूबाजूच्या पोरांबरोबर रूपे घोकू लागला, आणि रूपे काही डोक्यात राहीनात. पण त्याचे कारण मोठे विलक्षण होते. पुस्तक उघडले की त्याच्या मनात अत्यंत पवित्र विचार दाटून येत, ईश्वरी रहस्यांचे नवे नवे अर्थ स्फुरत, आणि व्याकरण बाजूला राही. दुसरा कोणी असता तर ह्याला साक्षात्कार समजून त्याने पुस्तक मिटले असते. ह्याने तसे केले नाही. प्रार्थनेला बसल्यावर न येणारे हे दिव्य विचार नेमके अभ्यासाच्याच वेळी कसे येतात, हा हिशेब त्याने मनाशी घातला, ही भुरळ आहे असा निवाडा केला, आणि आपल्या शिक्षकाला सान्ता मारिया देल मारच्या चर्चमध्ये नेऊन, शेजारी बसवून, सगळा कबुलीजबाब दिला. मग त्याने त्याला वचन दिले, की ह्या गावात भाकर आणि पाणी मिळत आहे तोवर दोन वर्षे मी तुमचा तास चुकवणार नाही.

ह्या वचनात अमुक गुण मिळवीन असे काही नाही. तास चुकवणार नाही, इतकेच आहे. आणि पुढेही सारे सुरळीत झाले असे मुळीच नाही. आल्काला आणि सालामांका येथे घाईघाईने पुष्कळ विषय अंगावर घेतल्याने पाया कच्चा राहिला, आणि १५२८ साली पॅरिसला आल्यावर हा गृहस्थ पुन्हा पोरासोरांत जाऊन लॅटिनच्या पहिल्या पायरीवर बसला. तेथेच पुढे त्याला फ्रान्सिस झेवियर नावाचा तरणाबांड सहाध्यायी एका खोलीत भेटला, तो कोण हे गोव्याच्या आणि वसईच्या माणसांना वेगळे सांगावयास नको. झेवियरच्या आणि लोयोलाच्या नावाने आज मुंबई-पुण्याकडे ज्या शाळा आहेत, त्यांत आपल्या पाल्याला घालण्यासाठी आईबाप किती खटपटी करतात हे आपण पाहतो. त्यांपैकी एकीच्या तरी वर्गात तेहेतीस वर्षांच्या लंगड्या विद्यार्थ्याचा अर्ज घेतला जाईल काय, हे मात्र मी विचारणार नाही.

परीक्षार्थींचा कैवारी मानला जाणारा संत तर ह्या सर्वांहून निराळा. इटलीच्या दक्षिणेस कुपर्तिनो गावी १७ जून १६०३ रोजी, म्हणजे आपल्याकडे शाळा उघडतात त्याच सुमारास, जन्मलेल्या ह्या जोसेफची तंद्री इतकी गाढ असे की तोंड उघडेच राही, आणि पोरांनी त्याचे नावच ‘आ वासलेला’ असे पाडले होते. चांभाराकडे उमेदवारीला ठेवले, जमले नाही. कापुचिन मठात घेतले, तर हातून भांडी पडून फुटू लागली, आणि त्यांनी अंगावरची कफनी उतरवून परत पाठवले. शेवटी एका मठाच्या तबेल्यात खेचराची निगा राखण्याचे काम मिळाले, ते त्याने इतके मनोभावे केले की संघाने त्याला अभ्यासाला बसवले. अभ्यासाची तऱ्हा अशी, की सुवार्तेतला एकच उतारा त्याला नीट उलगडून सांगता येई. आणि परंपरेने सांगतात ते असे, की पहिल्या परीक्षेला बिशपने ग्रंथ उघडला तो नेमका त्याच पानावर, आणि दुसऱ्या परीक्षेला आरंभीच्या उमेदवारांनी इतकी सुरेख उत्तरे दिली की उरलेलेही असेच असणार असे समजून बिशपने सर्वांना उत्तीर्ण केले. उरलेल्यांत आमचा जोसेफ होता. परीक्षक म्हणून हयात घालवलेल्या माणसाला ही कथा अडचणीची आहे, हे मी मान्य करतो. तथापि १६२८ साली तो धर्मगुरू झाला आणि १७६७ साली संत, हे काही कथेतले नव्हे, दप्तरातले आहे. कॅलिफोर्नियात त्याच्या नावावरून क्युपर्टिनो हे गाव वसले, तेथेच ॲपल कंपनीचे ठाणे आहे. आपल्या पोराचे डोके चालत नाही म्हणून महागड्या ॲपलच्या फोनवरून शिकवणीवाल्यांना विचारणा करणाऱ्या बापाला ही माहिती असावी, असे मला वाटते.

ह्यांच्याखेरीज लॅटिनपायी रडकुंडीला आलेला आर्सचा जॉन वियानी आहे, सहाध्यायी ज्याला मुका बैल म्हणत तो थोर तत्त्ववेत्ता थॉमस अक्विनास आहे. यादी लांबवण्यात अर्थ नाही. मंदपणा हा सद्गुण आहे असेही कोणी समजू नये. ही माणसे ढ होती म्हणून मोठी झाली नाहीत, आणि मागच्या बाकावरचे प्रत्येक मूल पुढे कोणी थोर होईल अशी हमी मी काय, पोपही देणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की ज्या धर्मसंस्थेने अशा विद्यार्थ्यांना वेदीवर बसवले, तिच्या शाळेत त्यांच्यासारख्या मुलांना ओशाळे वाटण्याचे काही कारण नाही.

आणि शाळेला मात्र थोडे ओशाळे वाटावे असे कारण आहे. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा ह्या हौसेपायी नववीतली कच्ची पोरे हळूच बाजूला काढावयाची, आईबापांना बोलावून बाहेरून परीक्षेला बसण्याच्या सतरा नंबरच्या अर्जाची गोड शिफारस करावयाची, आणि मग फाटकावर निकालाचे फलक लावावयाचे, हा उद्योग पुष्कळ शाळांत चालतो आणि चर्चच्या शाळाही त्याला सर्वस्वी अपवाद नाहीत. मराठी माध्यमाचे वर्ग आधीच ओस पडत चालले असताना तर ही चैन परवडणारीही नाही. तेव्हा फादर आणि सिस्टर, ह्या जूनला दाखल-खारीजच्या रजिस्टरात ‘खारीज’च्या रकान्यात अभ्यासात मागे पडलेल्या एकाही मुलाचे नाव चढू देऊ नका.

आणि बाळांनो, तुम्हाला सांगणे त्याहून सोपे आहे. पहाटे कळ्या खुडून झोप येत असेल तर बाईंना तसे सांगा. त्यांना ते ठाऊक नसते. जे समजले नाही ते मागच्या इयत्तेचे असले तरी पुन्हा विचारा, आणि कोणी हसले तर हसू द्या. पावसाचे निमित्त करून घरी राहू नका. उद्या पहिला तास साडेसातला आहे, वेळेवर या.