फासल्याचा अंदाज

दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी ज्या बराकी कल्याणजवळच्या माळावर उभ्या राहिल्या, त्यांतच फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी संसार मांडले, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. तरी कॅम्प एक ते कॅम्प पाच ही छावणीची मोजदाद येथील माणसाच्या जिभेवरून अद्याप उतरलेली नाही. माळ मात्र केव्हाच नाहीसा झाला. म्हणून दिल्लीच्या थल सैनिक शिबिराच्या निवडीसाठी तालीम करणारे राष्ट्रीय छात्र सेनेचे कॅडेट, त्यांत कोणी कॅम्प चारमधला सिंधी तर कोणी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतील कामगाराचा मुलगा, नुसती नजर लांबवर टाकता यावी म्हणून लोकलने बदलापुरास उल्हास नदीकाठी येतात.

या शिबिराच्या स्पर्धेत नेमबाजी असते, नकाशावाचन असते, आणि सहा फुटी भिंतीवरून उड्या घेत जाणारी अडथळ्यांची शर्यत असते. बघ्यांची गर्दी अर्थात या शेवटच्या प्रकाराला. माझे मन जडले ते अंतर अजमावण्याच्या विद्येवर. 200 यार्डांवरचा माणूस अवयवांनिशी स्पष्ट दिसतो, 300 वर चेहऱ्याची रेषा पुसट होते, 600 वर मस्तक हा केवळ एक ठिपका उरतो, एवढे पाठ करणे सोपे; परंतु डोळा हा मोठा लबाड साक्षीदार आहे. अंधुक उजेडात, किंवा अरुंद गल्लीतून पाहताना, वस्तू आहे त्याहून दूर भासते, तर लख्ख प्रकाशात ती जवळ सरकते. आणि बदलापूरचा श्रावण तर एकाच तासात हे दोन्ही चाळे करतो. ढग उतरले की माथेरानची रांग परमुलखात जाते, सर ओसरून ऊन पडले की हात लावावा इतकी अलीकडे येते.

यावरचा उपाय म्हणजे 'सेक्शन का औसत': प्रत्येकाने आपला अंदाज सांगायचा आणि सर्वांची सरासरी काढायची. एकदा पलीकडच्या काठावरील विजेच्या खांबाकडे बोट करून तालीम देणाऱ्या उस्तादांनी अंदाज लिहायला सांगितले, तोच एक धिप्पाड मुलगा मोठ्याने "साडेचारशे!" म्हणाला, आणि पाहता पाहता बाकीच्यांच्या पेन्सिली त्याच आकड्याभोवती घोटाळू लागल्या. उस्तादांनी सगळ्या चिठ्ठ्या फाडायला लावल्या, पोरांना एकमेकांकडे पाठ करून पांगवले, आणि सर्वांना मिळून एकच नवे लक्ष्य नेमून दिले.

'एकता और अनुशासन' हे या सेनेचे ब्रीद आपण एका ठेक्यात पडणाऱ्या बुटांत शोधतो. येथे मात्र शेजाऱ्याच्या चिठ्ठीत न डोकावणे हीच शिस्त होती. एका माणसाची चूक दुसऱ्याच्या उलट्या चुकीने फिटते, परंतु सर्वांनी मिळून एकच चूक केली तर सरासरीसारखे निरुपयोगी गणित नाही. (आमच्या सार्वजनिक सभांचे ठराव मी याच कारणाने फारसे मनावर घेत नाही.) अर्थात एकाच उजेडात उभे असलेल्या सगळ्यांचे डोळे एकाच बाजूला फसतात, आणि तेथे चिठ्ठ्या कितीही गुप्त ठेवल्या तरी इलाज चालत नाही. ज्यांची निवड होईल ते दिल्लीला जातील, तेव्हा पावसाळी काळोखीत आकड्यातून काही वजा करण्याची जी सवय त्यांनी येथे अंगी बाणवली, ती तिथल्या रखरखीत उन्हात उलटी नडेल. म्हणून उस्तादांनी त्यांना आतापासूनच, ऊन पडेल त्या घटकेला, छत्र्या मिटून पुन्हा काठावर उभे करण्याचा परिपाठ ठेवला आहे.