हरलेल्यांचा कप

आमच्या शिरूरच्या शाळेचं फुटबॉलचं वर्ष एका मॅचचं असायचं. पावसाळा सुरू झाला की सराव सुरू. चिखल तुडवत महिनाभर बॉलमागे पळायचं आणि मग एके दिवशी एसटीने बाहेरगावी सामन्याला जायचं. अकराला मॅच, बाराला आम्ही बाद. सरांनी आणलेले वडापाव खायचे आणि परत. पुढची मॅच पुढच्या वर्षी. दहावीपर्यंत मी शाळेकडून मोजून तीन सामने खेळलो. तिन्ही हरलो.

समोरच्या शहरी टीमला आमच्यापेक्षा जास्त येत होतं, यात वाद नाही. पण ती टीम दरवर्षी चार-पाच सामने खेळायची. ज्यांना आधीच येतं त्यांना अजून खेळायला मिळणार आणि ज्यांना खेळायची खरी गरज आहे ते दुपारी घरी.

बाद पद्धतीचं गणितच तसं आहे. 16 संघ असले तर सगळे मिळून 15 सामने होतात. त्यातले आठ पहिल्याच फेरीत. म्हणजे निम्मे संघ एक मॅच खेळून बॅगा भरतात.

मलेशियाने यावर एक साधी गोष्ट केली. मलेशिया कप ही तिथली 1921 पासूनची स्पर्धा. तिच्या 16 संघांच्या फेरीत जे आठ हरतात, त्यांच्यासाठी 2023 पासून एमएफएल चॅलेंज कप आहे. त्यांचीही उपांत्यपूर्व फेरी, उपांत्य फेरी, फायनल आणि कप. तिथे शिरायचं तिकीट एकच : तुम्ही हरलेले असायला हवं. कल्पना तशी जुनीच. विम्बल्डनमध्ये 1896 पासून कित्येक दशकं सुरुवातीच्या फेऱ्यांत हरलेल्यांसाठी ‘प्लेट’ नावाची वेगळी स्पर्धा होत असे.

आपल्याला हे परकं वाटतं, कारण आपण जत्रेतल्या कुस्त्या बघत वाढलो. पाठ मातीला लागली की विषय संपला. पण त्याच कुस्तीत, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, साक्षी मलिक उपांत्यपूर्व फेरीत हरली होती. तिला हरवणारी फायनलला गेली, म्हणून रेपेचाजच्या नियमाने साक्षीला पुन्हा मॅटवर उतरता आलं. कांस्यपदक तिथून आलं.

अर्थात, हरलेल्यांना नुसती एक मॅच देऊन भागत नाही. इंग्लंडच्या एफए कपमध्ये 1970 पासून उपांत्य फेरीत हरलेल्या दोन संघांची तिसऱ्या क्रमांकासाठी मॅच व्हायची. 1974 नंतर ती बंद पडली. त्या मॅचच्या पुढे काहीच नव्हतं. माणूस पुन्हा जीव तोडून पळावा, तर पुढे एखादी फायनल दिसायला हवी.

हे सगळं मी गेल्या वर्षी दौंडच्या मित्राला फोनवर सांगत होतो. तो रेल्वे कॉलनीत वाढलेला. त्याने चौदा वर्षांखालच्या पोरांसाठी आठ संघांची एका दिवसाची स्पर्धा ठरवली होती. शिरूरची टीम मी नेणार होतो.

“हरलेल्यांना कप? मग पोरं मुद्दाम हरतील की!”

“मोठा कप मोठा ठेव. छोटा छोटाच राहू दे.”

“आणि ग्राउंड? रेफ्री?”

“तीन मॅच वाढतात फक्त. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या.”

“बरं, ट्रॉफी तू आण,” म्हणाला आणि फोन ठेवला.

न्हावरा, चौफुला, पाटस करत आम्ही दौंडला पोचलो आणि पहिलीच मॅच 0-5 हरलो. आमचा गोलकीपर सातवीतला. घरी कांदा काढणी चालू होती आणि “एवढ्या एका रविवारी जा,” असं बजावून वडिलांनी त्याला पाठवलं होतं. एरवी ते पाच गोल डोक्यात घेऊन तो कांद्यात बसला असता आणि फुटबॉल तिथेच संपला असता. इथे मात्र त्याला दुपारी दोनला पुन्हा उभं राहायचं होतं. मधल्या वेळात तो मला म्हणाला, “दादा, कॉर्नरला मी लाईनीवरच थांबतोय. पुढं येऊ का?”

ये म्हटलं.

दुपारची मॅच आम्ही 1-0 जिंकलो. कॉर्नरवरचे दोन बॉल त्याने पुढे येऊन हवेतच पकडले. मग छोट्या कपची फायनल आम्ही 1-2 ने हरलो. पोरं रडली. सकाळी पाच गोल खाऊन कुणी रडलं नव्हतं. हरण्याचं इतकं वाईट वाटावं एवढं जवळ आम्ही कधी गेलोच नव्हतो.

गोलकीपर अजून येतो. कांद्याच्या दिवसांत उशिरा येतो, पण येतो.

यंदा दौंडचा मित्र सोळा संघ बोलवायचं म्हणतोय. म्हणजे छोट्या कपला आठ संघ आणि सात सामने. परवा त्याचा फोन आला, “या वेळी छोट्या ट्रॉफीचे पैसे कुठनं आणायचे?”

म्हटलं, हरलेल्यांकडून वर्गणी काढू. आपण पुष्कळ आहोत.