आमच्या वाडवडिलांचे काय? अहमदनगरच्या एका धर्मशिक्षकाची कथा

१/ तारणाचा मार्ग एकच असेल, तर ज्यांच्या कानी तो कधी पडलाच नाही, त्या आमच्या वाडवडिलांचे काय? एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांची प्रवचने ऐकणाऱ्या हिंदू श्रोत्यांपुढे हा प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहत असे. याच प्रश्नापायी अहमदनगरच्या एका प्राध्यापकाचे पद धोक्यात आले. त्यांचे नाव रॉबर्ट ॲलन ह्यूम.

२/ राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशी निगडित असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ते हे नव्हेत. हे ह्यूम १८४७ साली मुंबईत एका अमेरिकन मिशनरी कुटुंबात जन्मले. येल येथे शिक्षण घेऊन १८७४ मध्ये ते अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत अहमदनगरला आले. मिशनचे हे केंद्र १८३१ पासूनचे.

३/ १८७८ मध्ये त्यांनी तेथे धर्मशिक्षणाची सेमिनरी उभारली. खेडोपाडीच्या मंडळ्यांसाठी मराठी पाळक घडवणे हे तिचे काम. या मंडळ्यांत महार-मांग समाजांतून आलेली माणसे मोठ्या संख्येने होती. धर्मांतर करणाऱ्याचे आईबाप, आजे-पणजे जुन्याच धर्मात राहिलेले वा मरण पावलेले असत. त्यामुळे पूर्वजांचा प्रश्न येथे केवळ पोथीतला नव्हता. तो घराघरातला होता.

४/ १८८६ मध्ये ह्यूम रजेवर अमेरिकेत होते. तेथे मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर सेमिनरीच्या एका मतावरून वादळ उठले होते. ज्यांना हयातीत ख्रिस्ताविषयी ऐकायला मिळाले नाही, त्यांना मृत्यूनंतर संधी मिळू शकेल, असे ते मत. ह्यूम यांनी या शक्यतेविषयी जाहीर सहानुभूती दाखवली.

५/ विरोधकांचा आक्षेप साधा होता : मरणानंतरही संधी असेल, तर मिशनरी पाठवायचे कशाला? त्याच वर्षी दे मॉइन येथे अमेरिकन बोर्डाच्या वार्षिक अधिवेशनात यावर कडाक्याचा वाद झाला. बॉस्टनच्या कार्यकारी समितीने ह्यूम यांना परत धाडण्याबाबत हात आखडता घेतला. अखेर १८८७ मध्ये परतण्याची मोकळीक मिळाली.

६/ परतल्यावर ह्यूम यांची दिशा अधिक स्पष्ट झाली. १८९३ च्या शिकागो सर्वधर्म परिषदेत ते ख्रिस्ती व हिंदू विचारांतील साम्य आणि भेद यांवर बोलले. १९०५ मध्ये मिशनकार्याचा आधुनिक दृष्टीने विचार करणारे त्यांचे पुस्तक निघाले. १८९९-१९०० च्या दुष्काळातील मदतकार्यासाठी सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

७/ १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक पुढे याच सेमिनरीत शिकवीत. ख्रिस्तभक्तीला ओवी-अभंगाची वाणी देणाऱ्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. पूर्वपरंपरेशी नाते न तोडता ख्रिस्ती कसे व्हावे, या प्रश्नाला टिळकांनी स्वतःच्या जगण्यातून उत्तर दिले.

८/ ह्यूम १९२९ मध्ये अमेरिकेत वारले. मिशनऱ्यांनी येथे काय शिकवले, हे इतिहासात पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या श्रोत्यांनी काय विचारले, याची नोंद मात्र तुटक आहे. तरीही दख्खनच्या मातीत ज्याला धार होती, तोच प्रश्न बॉस्टनच्या समितीपुढेही उभा राहिला. वाडवडिलांचा हात न सोडणाऱ्या त्या अनाम श्रोत्यांचाही या इतिहासात वाटा आहे.