गंगाकाठचे आभाळ

परभणी जिल्ह्यातले गंगाखेड म्हणजे जनाबाईचे गाव. गोदावरीला इथे गंगाच म्हणतात. दिवाळीच्या अवसेला गावाबाहेर नदीकाठी तारे पाहायला मी एकटाच जातो. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटे तरी लागतात. मग कुठे 25 लाख प्रकाशवर्षे दूरची देवयानी दीर्घिका पुसटशी दिसते. सोबत्याने काडी ओढली, की ती गेलीच! म्हणून सोबत नको.

2025 साली दहाच्या सुमारास मृग उगवला, तसा तुरीत जागलीला आलेला एक म्हातारा शेजारी टेकला.

"पाव्हणं, ते तिकांडं. माथ्यावर आलं की धाकला भाऊ पाळीला यायचा. औंदा पुण्याला गेला."

तिकांडे माथ्यावर यायला पहाटेचे चार वाजले. तोवर त्याने पाच विड्या ओढल्या. देवयानीकडे मी पाहिलेच नाही.