चाकांची जन्मतारीख

प्रत्येक घराण्याला एकेक वेड असते. कुणाकडे भजनी मंडळाचे, कुणाकडे शेअर बाजाराचे, तर कुणाकडे दर निवडणुकीला उभे राहून अनामत घालवण्याचे. आमच्या सासुरवाडीच्या वाट्याला जुनी जीप आली.

ही जीप कऱ्हाडला आमच्या थोरल्या साडूबुवांकडे असते. मॉडेल 1978 चे. त्यांच्या वडिलांनी सरकारी लिलावात घेतलेली. चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी, म्हणजे अस्सल फोर-व्हील ड्राइव्ह. 1947 साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली, तिथपासून या जीपच्या हॉर्नपर्यंतचा सगळा इतिहास साडूबुवा पाहुण्याला जेवताना ऐकवतात. कारण भरल्या पानावरून उठता येत नाही.

जीपवाले इंजिनावरून भांडत असतील असे तुम्हांआम्हांला वाटते. चूक! ते भांडतात टायरवरून. त्यांच्यात नायलॉनवाले आणि रेडियलवाले असे दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. साडूबुवा कट्टर नायलॉनपंथी. जुन्या जीपचा टायर 6.00-16 मापाचा, म्हणजे रुंदी सहा इंच, रिम सोळा इंच. हा अरुंद टायर चिखल कापत खाली जातो आणि घट्ट जमीन गाठतो. त्याची बाजू जाड, दगडाला दाद न देणारी. रेडियल डांबरावर मऊ चालतो, रस्ता चांगला धरतो, पण कडेने धोंडा लागला की नाजूक. दोन्ही पंथांचे म्हणणे खरे आहे. फक्त दोघांना एका आक्सलवर बसवू नये, एवढेच पथ्य. वळणावर एक डावीकडे ओढतो, दुसरा उजवीकडे. अशी घरे आपण पाहतोच.

साडूबुवांच्या चिरंजीवांचा तिसराच पंथ. त्यांना सिनेमातल्यासारखे रुंद, फुगीर टायर हवे होते. "अरे, पॉवर स्टिअरिंग नाही या गाडीला," साडूबुवा ओरडले, "तुझ्या त्या टायरांनी स्टिअरिंग वळवायला दोन पैलवान लागतील! शिवाय मडगार्डला घासतील ते वेगळं!" एवढ्यावर तो प्रश्न निकालात निघाला.

आमच्यासारख्या बँकवाल्याला या गाडीत आवडली ती एकच गोष्ट. फोर-व्हीलचा छोटा दांडा टाकला की पुढचा आणि मागचा आक्सल एकमेकांना जखडले जातात. मग चारही टायर सारख्या उंचीचे लागतात. दोन नवे आणि दोन गोटा झालेले असले, तर पुढची चाके एका हिशेबाने फिरतात, मागची दुसऱ्या, आणि मधल्या मध्ये गिअरचे दात भरडतात. जॉइंट खात्यावर दोघांच्याही सह्या लागतात आणि नवरा-बायको बोलत नसतात, तेव्हा काउंटरवरच्या क्लार्कचे जे होते, तेच.

तर 2024 च्या मे महिन्यात चिपळूणला घरचे लग्न निघाले. साडूबुवांनी जाहीर केले, की कुंभार्ली घाटातून जीपनेच जायचे. सहा माणसे, त्यांत सासूबाई. निघण्याच्या चार दिवस आधी हवा तपासायला आम्ही पंक्चरवाल्या चाचांकडे गेलो.

"टायर बघा चाचा, नवेकोरे!" साडूबुवा म्हणाले. आणि नक्षी खरोखरच ताजी होती. दसऱ्याला पूजा, दिवाळीला एक फेरी, एखादा पाहुणा आला तर कृष्णा-कोयनेच्या संगमापर्यंत. एवढ्याने टायर झिजणार कसा?

चाचा उकिडवे बसले. टायरच्या बाजूवरची धूळ त्यांनी बोटाने पुसली आणि मला म्हणाले, "साहेब, तुम्ही आकडेवाले. हे वाचा."

चार आकडे होते. 1809.

"पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल," चाचा म्हणाले.

म्हणजे 2009 सालचा अठरावा आठवडा. पंधरा वर्षे! आमच्याकडे चेक तीन महिन्यांत शिळा होतो.

रबराचे हेच तर दुखणे आहे. चालवले तर ते झिजते आणि नाही चालवले तर उन्हाने, हवेने कडक होऊन तडकते. काही टायर कंपन्या म्हणतात, पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षे झाली की नक्षी कितीही शाबूत असो, बदला. बँकेतही दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते आणि दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. पण तिथे वारसाला अर्ज करून रक्कम परत मिळते. घाटात फुटलेल्या टायरबद्दल अर्ज कुणाकडे करायचा?

हे सगळे मी बोलून दाखवले. साडूबुवा गप्प. मग हळूच म्हणाले, "दादांनी आणलेत हे. शेवटची खरेदी त्यांची. पुढच्या वर्षी गेले ते."

आता यावर काय बोलणार? तीस वर्षे ज्यांनी ती जीप हाकली, त्या माणसाने पारखून घेतलेले टायर. एवढी वर्षे दर दसऱ्याला झेंडूचा हार जीपच्या बोनेटला आणि हळदकुंकू या टायरांना, ते का, हे मला तेव्हा उमगले.

बोलले ते चाचाच. त्यांनी नक्षीच्या खाचेत स्क्रू-ड्रायव्हर घालून जरासा दाबला. आत केसासारख्या भेगांचे जाळे उघडले. "दादासाहेबांचे टायर मीच बसवले होते," ते म्हणाले. "ते असते, तर या टायरांवर आईसाहेबांना घाटात नेले असते का?"

साडूबुवांनी चष्मा पुसला आणि विचारले, "चार टाकायचे ना?"

"पाच. स्टेपनी पण त्याच वयाची आहे."

हा स्टेपनी शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. 1904 साली तिथे जादा चाकाची कल्पना निघाली. एवढे मोठे इंग्रजी साम्राज्य गेले, पण त्यांच्या गल्लीचे नाव आपल्या जीपच्या पाठीला लटकलेले राहिले.

नव्या टायरांबरोबर चाचांनी नव्या ट्यूबही घालायला लावल्या आणि नियमही सांगितले. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. पाचही चाके आळीपाळीने फिरवायची, म्हणजे स्टेपनी नुसती पेन्शन खात बसत नाही. जीप महिना महिना एका जागी उभी ठेवायची नाही, आणि ठेवलीच तर उन्हात नाही. चमक यावी म्हणून टायरला डिझेल किंवा ऑइल चोपडायचे नाही, ते रबर खाते. आणि फोर-व्हीलचा दांडा कोरड्या डांबरावर टाकायचा नाही, पाहुण्यांना दाखवण्यासाठी तर मुळीच नाही.

जुन्या टायरांपैकी चार चाचांनी ठेवून घेतले. पाचवा साडूबुवांनी घरी आणला. परसातल्या आंब्याला त्याचा झोपाळा झाला आहे. दादांची पणती त्यावर झोके घेते आणि त्या टायरला आता पाच किलोमीटरचाही वेग झेपवायचा नाही.

घाटात काय झाले म्हणाल, तर काहीच झाले नाही. सासूबाई कऱ्हाडला डुलकायला लागल्या त्या कोयनानगरला चहापुरत्या उठल्या आणि पुन्हा एकदम चिपळूणलाच जाग्या झाल्या. टायरवर पैसे घालणाऱ्याच्या नशिबी सांगण्यासारखी गोष्ट येत नाही, ती ही अशी.

साडूबुवांना मात्र नवे वेड लागले. कार्यालयाबाहेर लागलेल्या एकेका गाडीशी वाकून ते आकडे वाचत होते. नवरदेवाच्या फुलांनी सजवलेल्या गाडीपाशी ते गुडघे टेकून बसले, तेव्हा वरपक्षाकडचे एक वयस्क गृहस्थ सहानुभूतीने जवळ आले आणि म्हणाले, "तुमचीही गेली का? माझी तर कालच घेतलेली होती. कोल्हापुरी!"